लांब उडी: फाऊल फळीवर घडत नाही

पत्रे वेगवेगळी, पण बहुतेकांत तक्रार एकच: सरावात पाय फळीवर (जिथून उडी घ्यायची त्या पट्टीवर) पडतो, स्पर्धेत पडत नाही. त्याचे उत्तर तिसऱ्या प्रश्नात सविस्तर दिले आहे.

प्रश्न: उडीचा पाय डावा असावा की उजवा?

ज्या पायावर लांब जाता तो. थोडी धाव घेऊन दोन्ही पायांवर 5-5 उड्या मारा आणि टेपने मोजा.

प्रश्न: बुटाचे टोक रेषेपुढे होते, पण प्लॅस्टिसिनवर (रेषेपुढच्या, पायाचा ठसा घेणाऱ्या मऊ थरावर) खूण नव्हती. तरी लाल झेंडा?

हो. नोव्हेंबर 2021 पासून आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की उडताना बुटाचा कोणताही भाग रेषेच्या वर, हवेतसुद्धा, पुढे गेला की फाऊल. खूण उमटली नाही हा युक्तिवाद आता चालत नाही.

प्रश्न: मुलगी 14 वर्षांची, धाव 12 पावलांची. 6 पैकी 4 उड्या फाऊल जातात. "फळीकडे बघ" असे सगळे सांगतात, तरी फरक नाही.

म्हणूनच फरक नाही. खाली पाहिले की डोके झुकते, कंबर बसते, आणि शेवटची चार पावले ती कधी चोरते, कधी ताणते. वेग तिथेच जातो. फाऊल फळीवर दिसतो, पण बहुतेकदा तो पहिल्या दोन-तीन पावलांत झालेला असतो. एकदा उभ्याने सुरुवात, एकदा चालत येऊन, एकदा टाळ्या ऐकून जोरात! धाव जुळणार कशी?

धाव अशी मोजा. उडीचा पाय फळीवर ठेवून, खड्ड्याकडे पाठ करून तिला उलट दिशेने पूर्ण वेगात पळू द्या. बारावे पाऊल कुठे पडते ते तुम्ही टिपायचे, तिने नाही. असे 5-6 वेळा करा. खुणा जिथे दाट पडतील तिथून सुरुवात. उडीचाच पाय पुढे ठेवून निघाली की बारावे पाऊल त्याच पायाचे येते.

मग फळीच्या चार पावले आधी कडेला दुसरी खूण करा. ती तुमच्यासाठी आहे, तिला सांगूही नका. पाऊल त्या खुणेवर पडूनही फाऊल झाला तर दोष शेवटच्या पावलांत. तिथेच चुकले तर आधीच्या धावेत. दर वेळी 15 सेंमी पुढेच जात असेल तर सुरुवात 15 सेंमी मागे घ्या. पण एकदा 20 सेंमी पुढे आणि एकदा 30 सेंमी मागे पडत असेल तर खूण हलवून काही साधणार नाही. मग आठवडाभर उडी बंद, नुसती धाव घोटवा.

वारा मागून असेल तर सुरुवात थोडी मागे, समोरून असेल तर थोडी पुढे. मातीवर मोजलेली धाव सिंथेटिक ट्रॅकवर जशीच्या तशी बसत नाही, तिथे पुन्हा मोजा. वाढत्या वयात पाऊलही लांबते, म्हणून दर महिन्याला टेप काढा. तरीही जुळेना तर धाव बाजूने चित्रित करून अनुभवी प्रशिक्षकाला दाखवा. पत्रातून शेवटची दोन पावले दिसत नाहीत.

प्रश्न: 45 अंशांत उडाले तर सर्वांत लांब जाता येते ना?

दगड फेकताना ठीक आहे. माणसाला मात्र उसळी घेताना वेग गमवावा लागतो. पाय फळीवर टेकतो तो सेकंदाचा जेमतेम आठवा भाग. तेवढ्यात धावेच्या वेगाइतकी उसळी मिळवायची तर धावच मंद करावी लागेल. अव्वल खेळाडू साधारण 20 अंशांच्या आसपास उडतात. उंची हवी तर शेवटून दुसरे पाऊल सुधारा: ते किंचित लांब, कंबर थोडी खाली. शेवटचे आखूड आणि झटपट, अख्खा तळवा एकदम. टाच आपटली की ब्रेक लागतो. नुसता चवडा टेकला की गुडघा दुमडतो.

प्रश्न: घोट्याला वजनाचे पट्टे बांधून पळाल्यास महिन्यात अर्धा मीटर उडी वाढते, अशी जाहिरात आहे.

जाहिरातच ती. घोट्यावरचे वजन धावेची लय बिघडवते आणि मांडीच्या मागच्या स्नायूंवर ताण आणते. पट्टे काढल्यावर पाय हलके वाटतात, इतकाच फायदा. ताकद वाढवायची तर प्रशिक्षकाच्या नजरेखाली स्क्वॅट करा.

प्रश्न: हवेत हँग (अंग ताणून लटकल्यासारखे राहणे) की हिचकिक (चालल्यासारखे पाय मारणे)?

धाव जुळल्यावर विचारा. हवेत पाय मारून अंतर वाढत नाही, पुढे कलंडणारे शरीर सावरते. नवशिक्याला हँग पुरते.

प्रश्न: मुलगा 13 वर्षांचा. उडीच्या पायाची टाच 3 आठवडे दुखते, सकाळी लंगडतो. स्प्रे मारून सराव चालू आहे. पुढच्या आठवड्यातली स्पर्धा झाल्यावर दाखवू का?

नाही, उद्याच दाखवा. आधीच 3 आठवडे वाया घालवलेत. या वयात टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग पक्का झालेला नसतो आणि पोटरीचा स्नायू त्याला ओढत असतो. बहुधा तेवढेच असेल, जे विश्रांतीने बरे होते. पण हाडाला बारीक तडा गेला तरी टाचच दुखते, आणि दोन्हींतला फरक हाडांचे डॉक्टर तपासून सांगतील, स्प्रे नव्हे. तोवर उडी आणि स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) दोन्ही बंद. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी न लंगडता पळणे, मग 6 पावलांच्या धावेवर उड्या. पूर्ण धाव सर्वांत शेवटी.