प्रवासासाठी पाच किलोच्या आतली सर्वांत हलकी स्ट्रोलर कोणती?

प्रश्न असा आहे: मुलगी दीड वर्षाची, विमान आणि रेल्वे मिळून दहा दिवसांचा प्रवास, आणि स्ट्रोलर पाच किलोच्या आतलीच हवी.

मी स्ट्रोलरची दुरुस्ती करते, म्हणून आधी हे सांगते: पाच किलो हा आकडा डोक्यातून काढून टाका. स्ट्रोलर उचलावी लागते ती जिन्यावर, डब्यात चढताना आणि सामानाच्या कप्प्यात टाकताना, म्हणजे दिवसातून मोजकी मिनिटं. ढकलावी लागते तासन् तास. साडेचार आणि सहा किलोंमधला दीड किलो कुठे गेला ते बघा. चाकं लहान झाली, नळ्या पातळ झाल्या, छत आखूड झालं, पाठ मागे जायची बंद झाली. वजन कमी झालं ते भाग कमी करून. त्यातून खोक्यावर छापलेलं वजन पुष्कळदा छत आणि पुढचा दांडा काढून मोजलेलं असतं. घडी केलेली स्ट्रोलर हातात घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. तोच खरा आकडा.

हलकेपणाचा प्रश्न तसा फार पूर्वीच सुटलेला आहे. छत्रीसारखी मिटणारी पहिली स्ट्रोलर ओवेन मॅक्लारेन या विमान अभियंत्याने १९६५ च्या सुमारास केली. स्पिटफायर विमानाची चाकं आत ओढून घेणाऱ्या यंत्रणेवर त्याने काम केलेलं होतं. ॲल्युमिनियमची ती गाडी तीन किलोंच्याही आत होती. अडचण होती ती लांबीची, कारण छत्रीसारखी मिटलेली गाडी काठीसारखी मीटरभर उरते. विमानात किंवा रेल्वेच्या डब्यात जागा मिळणार की नाही हे ठरतं घडीच्या मापावर, वजनावर नाही.

म्हणून मापं नीट वाचा. काही विमान कंपन्या केबिनमध्ये ५५ × ४० × २० सेंमीपर्यंतचं सामान घेऊ देतात, काही ५६ × ४५ × २५ पर्यंत. केबिनमध्ये नेता येते म्हणून नाव झालेल्या योयो या स्ट्रोलरची घडी साधारण ५२ × ४४ × १८ सेंमी आहे. ४४ हा आकडा बघा: दुसऱ्या मापात बसतो, पहिल्यात बसत नाही. ‘केबिन साइझ’ हे शब्द वाचून खरेदी करू नका, आपल्या तिकिटाच्या कंपनीचे तिन्ही आकडे समोर ठेवा. कप होल्डर आणि बाहेर आलेली चाकं धरून टेपने मोजा.

सर्वांत लहान घडीच्या मागेही लागू नका. पॉकिट नावाच्या स्ट्रोलरची घडी ३० × १८ × ३५ सेंमीची होती आणि २०१४ मध्ये त्यासाठी तिचा गिनीज विक्रमही नोंदला गेला. पण घडी जितकी लहान, तितक्या बिजागऱ्या जास्त. प्रत्येक बिजागरीत एक रिव्हेट आणि बहुधा प्लास्टिकची एक बुश, म्हणजे घर्षण कमी करणारी छोटी नळी, असते. बुश झिजली की हँडल डावी-उजवीकडे डुलतं, आणि एका हाताने ढकलायला गेलं की गाडी तिरकी पळते. दुकानात रिकामी गाडी ढकलून हे कळत नाही. सीटवर दहा-बारा किलोंची पिशवी पट्ट्याने बांधा आणि एका हाताने आठचा आकडा काढा.

आता घडीची खरी परीक्षा. सुरक्षा तपासणीपाशी काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. मूल बाहेर काढायचं, खालच्या टोपलीतलं सगळं उपसायचं, गाडी मिटून पट्ट्यावर ठेवायची, आणि हे करताना मूल कडेवर वळवळत असतं, दुसऱ्या खांद्यावर पिशवी असते. वाकून दोन्ही हातांनी दोन खटके दाबावे लागणारी गाडी इथे नापास. पायाने दाबायचा खटका असेल तर एका पायावर तोल सांभाळत तो दाबता येतो का बघा. मिटल्यावर कुलूप आपोआप लागायला हवं. लागलं नाही तर उचलताना गाडी अर्धी उघडते आणि चाक नडगीवर बसतं. मिटलेली गाडी भिंतीला न टेकवता उभी राहायला हवी. आणि खांद्याचा पट्टा घडीच्या तोलावर लावलेला असावा. नाहीतर चालताना गाडी फिरून गुडघ्यावर आपटत राहते. दुकानात हा सगळा खेळ कडेवर मूल घेऊन पाच वेळा करा. विक्रेता करून दाखवतो ते धरू नका, त्याचा हात बसलेला असतो.

मिटताना-उघडताना मुलाचे हात बिजागरीपासून लांबच हवेत. २००९ मध्ये अमेरिकेत बोटांची टोकं तुटण्याच्या तक्रारींवरून सुमारे दहा लाख घडीच्या स्ट्रोलर परत मागवल्या गेल्या होत्या. सांध्यावर झाकण आहे का तपासा. असलं तरी आधी मूल बाजूला, मग खटका.

सर्वांत आधी बिघडतात ती पुढची चाकं. १२-१३ सेंमीचं चाक फरशीवर लोण्यासारखं चालतं आणि लिफ्टच्या दारातल्या फटीत, रेल्वेच्या पायरीपाशी किंवा उखडलेल्या दगडी रस्त्यावर आडवं होऊन अडकतं. चाक अडकलं की मूल पट्ट्यावर पुढे झेपावतं. फट आली की हँडल दाबून पुढची चाकं उचला आणि गाडी सरळ रेषेत पार करा, तिरकी घेऊ नका. चाक सरळ राहावं म्हणून खटका असेल तर दगडी रस्त्यावर तो लावा, फडफड थांबते. आसावर केस आणि दोरे गुंडाळले जातात, ते चिमट्याने काढत जा. चाक करकरलं म्हणून स्वयंपाकाचं तेल सोडू नका. त्यात वाळू चिकटते आणि आस घासला जातो. सिलिकॉनचा कोरडा स्प्रे पुरतो.

हँडलला पिशव्या अडकवणं हीच हलक्या गाडीतली मोठी चूक. मूल बसलेलं असतं तोवर तोल राहतो. ते उतरताच गाडी मागे कोसळते, आणि पिशवी जड असली तर मूल आत असतानाही. वजन खाली टोपलीत ठेवा, तेही टोपलीवर लिहिलेल्या मर्यादेत. फलाटाला उतार असू शकतो, म्हणून ब्रेक लावूनही हात सोडू नका आणि गाडी रुळांना समांतर उभी करा. उन्हात गाडीवर कापड टाकून झाकू नका. आत हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त तापते.

विमानाच्या दारापाशी गाडी द्यायची असेल तर टॅग आधीच काउंटरवर लावून घ्या. परत कुठे मिळणार, दारात की सामानाच्या पट्ट्यावर, हेही तिथेच विचारा. कप होल्डर, पुढचा दांडा, सुटं छत काढून पिशवीत घ्या, कारण हरवतात ते हेच. गाडीला एक पट्टा करकचून बांधा आणि देण्याआधी फोटो काढा. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराप्रमाणे नोंदवलेल्या सामानाच्या मोडतोडीची तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी द्यावी लागते. विमानतळावरच दिलेली उत्तम.

‘स्ट्रोलर कशाला, मूल कडेवर घ्या’ असं सांगणारे नेहमी भेटतात. दीड वर्षाचं मूल दहा-अकरा किलोंचं असतं. ते झोपल्यावर तासभर कडेवर धरून सामानही ओढायचं, हे सांगणाऱ्याने एकदा करून बघावं. गाडीत ते पाठ टेकून झोपतं, आणि आईबापाची पाठ शाबूत राहते. कापडी कॅरिअर जवळ असू द्या, जिने आणि विमानात चढणं यासाठी तो उत्तम आहे, पण गाडीऐवजी नाही.

तर तुमच्यासाठी: सहा ते सात किलो, मागे बऱ्यापैकी झुकणारी पाठ, पाच ठिकाणी अडकणारा पट्टा, एकाच पेडलवर लागणारा ब्रेक, निदान १५ सेंमीची चाकं. वजनमर्यादा १५ किलो आहे की २२, तेही बघा. २२ वाली पुढेही चालेल, पण मूल वजनाआधी उंचीने गाडीबाहेर जातं, म्हणून पाठीची लांबी आणि डोक्यावरची जागा मोजा.

दोन अपवाद मात्र मान्य करते. एकट्याने प्रवास असेल आणि वाटेत लिफ्ट नसलेली स्टेशनं जास्त असतील, तर पाच किलोवाली घ्या आणि दगडी रस्ते टाळा. आणि हे वाचून कोणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी खरेदी करणार असेल, तर वजन-घडी सगळं बाजूला ठेवा. युरोपच्या ईएन १८८८ मानकात सीट आणि पाठ यांतला कोन १५० अंशांपेक्षा कमी असलेली सीट त्या वयाला चालत नाही. मान पुढे पडून श्वास अडकू शकतो. बऱ्याच छोट्या प्रवासी स्ट्रोलर इथेच बाद होतात.