कुरवांच्या मागे लागण्याआधी

ठाणे (पूर्व)

अनेक आशीर्वाद.

कुरवांच्या (सीगलच्या) मोजणीचा तुझा आराखडा वाचला. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या ऐरोली, वाशी आणि बेलापूर या तीन जागा, दर रविवारी सकाळी ८ वाजता अर्धा तास मोजणी, आणि शेवटी ‘कुरव कुठली जागा पसंत करतात’ याचं उत्तर. जागा चांगल्या निवडल्या आहेत. खटकले ते रविवार आणि ८ वाजता.

भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात ती जवळजवळ ६ तास सरकते. म्हणजे एका रविवारी ८ वाजता खाडी तुडुंब असली, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी तिथे चिखल उघडा पडलेला असणार. तुला वाटेल एकाच जागेची मोजणी चाललीय. प्रत्यक्षात ती आलटूनपालटून दोन निराळ्या जागांची होईल. आणि पंधरवड्याने गाडी पुन्हा जवळपास तिथेच येत असल्यामुळे ही गफलत आकड्यांत छान दडून बसेल.

कोळीवाड्यातली जुनी माणसं घड्याळाआधी तिथी बघतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला ३, अष्टमीला ६. अमावास्या-पौर्णिमेला १२च्या आसपास, आणि तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी ना धड चढतं ना धड उतरतं. खाडीच्या आत, ऐरोली-ठाण्याकडे, पाणी जरा उशिरा पोचतं. तेवढा फरक धर. दिवाळे कोळीवाड्यात एखाद्या म्हाताऱ्या नाखव्याजवळ बसायला वेळ मिळालाच, तर हे सगळं तो तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

एवढं पाण्याचं पुराण लावायचं कारण आहे. पाण्यावर पोट भरणारा पक्षी नकाशावरचा ठिपका धरून बसत नाही. मासळी पाण्यात सगळीकडे थोडीफार असते, पण ती चोचीच्या टप्प्यात येते थोड्याच वेळापुरती. प्रवाह तिला वर ढकलतो, उथळात कोंडतो, नाहीतर खालून दुसरा कुणी शिकारी तिला वर पळवतो. पक्षी त्या वेळेच्या शोधात असतो. जागा त्यातून आपोआप ठरते.

आपल्या खाडीत हे डोळ्यांनी दिसतं. सुकती (ओहोटी) लागली की चिखलावरचं पाणी चरांमधून मुख्य प्रवाहाकडे ओढलं जातं आणि बारकी मासळी अरुंद पाण्यात सापडते. जाड चोचीचा सुरय (गल-बिल्ड टर्न) तेव्हा चिखलाच्या अगदी जवळून घिरट्या घालतो आणि खेकडे, निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे) उचलतो. तो पाण्यात सूर क्वचितच मारतो. मोठा कॅस्पियन सुरय मात्र खोल पाण्यावर थांबून, मान खाली घालून, थेट बुडी मारतो. एकच खाडी, एकच ओहोटी, आणि दोघांची ताटं वेगळी. म्हणून ‘सुरय’ असा एकच रकाना करू नकोस. रोहितांचं (फ्लेमिंगोंचं) गणित तर सरळच आहे: चिखल बुडाला की त्यांचं जेवण थांबतं आणि थवे नेरूळकडच्या तळ्यांवर जाऊन उभे राहतात.

पुलांकडेही लक्ष दे. उत्तर आयर्लंडमध्ये स्ट्रँगफर्ड लॉख नावाची खाडी आहे. तिथे भरती-ओहोटीवर वीज तयार करणाऱ्या एका टर्बाइनचा सांगाडा पाण्यात उभा होता. प्रवाह त्याला आपटून मागे भोवरे उठत आणि सुरय नेमके त्या खळबळत्या पट्ट्यावर जेवायला येत, असं २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. वाशी आणि ऐरोलीच्या पुलांचे खांबही प्रवाहातच उभे आहेत. त्यांच्यामागे असं काही घडतं का, हा प्रश्न तुझ्या मूळ प्रश्नापेक्षा मला जास्त आवडेल.

खुल्या समुद्रावरचं वाचन कर, पण जपून. गॅब्रिएल नेव्हिट आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये दाखवलं की दक्षिणेकडच्या थंड समुद्रातले काही पेट्रेल (समुद्रपक्षी) वासावर जातात. प्राणिप्लवंग (पाण्यात तरंगणारे बारके प्राणी) वनस्पतिप्लवंगांना (तशाच तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना) खातात तेव्हा डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू हवेत सुटतो, आणि तो वास म्हणजे खाली जेवणावळ चालू असल्याची वर्दी. वाचताना अंगावर काटा येतो खरा, पण हे उचलून आपल्या कुरवांना चिकटवू नकोस. कुरवाचं काम मुख्यतः डोळ्यांवर चालतं, आणि त्यातही दुसऱ्या कुरवावर डोळा. एक झेपावला की पांढरे पंख लांबून दिसतात, आणि पाहता पाहता तिथे गर्दी जमते. लक्षद्वीपचे मच्छीमार पक्ष्यांवरून ट्युनाचा माग काढतात तेही असंच: खालून ट्युना बारक्या माशांना वर रेटतो, वरून पक्षी तुटून पडतात.

गॅनेट या समुद्रपक्ष्यांवरचा २०१३चा अभ्यासही तुझ्या हाती लागेल. ब्रिटिश बेटांभोवतीच्या शेजारशेजारच्या वसाहतींमधले पक्षी भांडणतंटा न करता समुद्राचे वेगवेगळे भाग वापरतात, असं त्यात दिसलं. अभ्यास उत्तमच आहे, पण ते पक्षी पिल्लं वाढवणारे. घरट्याकडे परतायची सक्ती असल्याने जवळ-लांबचा हिशोब त्यांना चुकत नाही. आपल्याकडचा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर वीण उरकून हिवाळ्यापुरता इथे येतो. इथे त्याची पिल्लं नाहीत, घाई नाही. वसाहतीवरून निघालेले नियम या पाहुण्याला लावताना दहादा विचार कर. घरटी करणाऱ्या सुरयांवरच काम करायचं असेल तर वेंगुर्ल्याच्या समुद्रातले खडक आहेत. ते प्रकरण वेगळं आणि बोटीच्या खर्चाचं.

आता फरसाणाबद्दल. बोटीतून गाठ्या उडवणारे लोक तुला भेटतील, आणि त्या बोटीमागचे पक्षी तुझ्या मोजणीत शिरतील. लोकांशी वाद घालू नकोस, निदान मोजणी चालू असताना तरी. बोट आली, वेळ अमुक, पक्षी तमुक, असं वेगळं लिहून ठेव. मासेमारीच्या होड्यांचंही तसंच. जाळं ओढताना जमलेला थवा हा भरतीमुळे आलेला थवा नव्हे, जरी जाळ्याची वेळ भरतीच ठरवत असली तरी. (हा गुंता सुटत नाही म्हणून चिडू नकोस. तो खरंच गुंता आहे.)

बसलेला कुरव जेवत नसतो. चिखलावर शेकड्याने बसलेले पक्षी बघून ‘पसंतीची जागा’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण ते फक्त विश्रांती घेत असतील. जेवणारे, बसलेले आणि वरून निघून जाणारे असे तीन वेगळे आकडे लिही. सुरयाच्या बाबतीत सूर किती आणि त्यात मासा किती वेळा, हेही. आणि जिथे काहीच नाही तिथे शून्य लिही, रकाना कोरा सोडू नकोस. पक्षी कुठे आणि केव्हा नव्हते हे कळल्याशिवाय ते जिथे होते त्याला अर्थ येत नाही.

पहिली बैठक पौर्णिमेच्या आसपास घे, वार कुठलाही असो. सकाळी ६च्या सुमाराला ओहोटी संपेल आणि दुपारी १२पर्यंत पाणी चढत राहील. एका बैठकीत पूर्ण भरती बघायला मिळेल. एकच जागा, शक्यतो ऐरोली. दर पंधरा मिनिटांनी नोंद. पहिला रकाना पाण्याचा: किती चढलं, कुठल्या बाजूला वाहतंय, चिखल किती उघडा. पक्ष्यांचे रकाने त्यानंतर. टोपी आणि प्यायचं पाणी ने, तिथे सावली नसते. कागद भरला की शून्यांसकट पाठव. बाकीच्या दोन जागांचं त्यानंतर ठरवू.

कळावे.