पाठीतले पाणी आणि मेंदूज्वराचे निदान

प्रश्न : गेल्या वर्षी रोवणीनंतर माझ्या सहा वर्षांच्या पुतण्याला ताप, उलट्या आणि झटके आले. दुसऱ्या दिवशी पाठीतले पाणी (मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव) सुईने काढले; जपानी मेंदूज्वराचा अहवाल निगेटिव्ह आला. आठवड्याने रक्ताचा पॉझिटिव्ह आला. खरा कोणता? आणि या रोगावर औषधच नसेल, तर मुलाला सुई टोचायची कशासाठी?
– एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर : दोन्ही अहवाल खरे असू शकतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू रक्तात फार थोडा काळ राहतो, म्हणून प्रयोगशाळा बहुधा त्याच्याविरुद्ध शरीराने सुरुवातीला तयार केलेली संरक्षक प्रथिने, म्हणजे आयजीएम प्रतिपिंडे, शोधते. पाठीतल्या पाण्यात ती आजाराच्या चौथ्या दिवसाच्या सुमारास आणि रक्तात साधारण सातव्या दिवसापर्यंत दिसू लागतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह अहवालावरून हा रोग नाही असे ठरवता येत नाही. उलट, डेंग्यूमुळे किंवा नुकत्याच घेतलेल्या लसीमुळेही रक्ताचा अहवाल फसवा पॉझिटिव्ह येऊ शकतो. निदानासाठी पाठीतले पाणी अधिक भरवशाचे.

सुईने मूल लुळे पडते, ही भीती मी अनेक घरांत पाहिली आहे. सुई कमरेत, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली जाते. मेंदूवरचा दाब फार वाढला असेल, तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी लांबणीवर टाकतात. नंतर हातपाय लुळे पडलेच, तर ते सहसा रोगामुळे.

जपानी मेंदूज्वरावर विषाणूनाशक औषध नाही, हे खरे. पण हीच लक्षणे ज्या जिवाणूजन्य मेंदूज्वरात, हर्पिस विषाणूच्या मेंदूज्वरात किंवा स्क्रब टायफस या चिगर किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापात दिसतात, त्यांवर औषधे आहेत, आणि ती वेळेवर मिळाली नाहीत तर हाती येणारे मूल जाते. म्हणूनच अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक आणि हर्पिसवरचे असायक्लोव्हिर सुरू केले जाते; त्यातले कोणते पुढे चालू ठेवायचे, हे ठरवायला पाठीतल्या पाण्याचा अहवाल मदत करतो. शिवाय झटके थांबवणे, मॅनिटॉलने मेंदूची सूज उतरवणे, रक्तातली साखर व क्षार सांभाळणे, गरज पडल्यास व्हेंटिलेटर लावणे, हे सगळे उपचारच आहेत आणि ते घरी होत नाहीत. या रोगाने मेंदूज्वर झालेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावतात, आणि वाचलेल्यांपैकीही अनेकांना कायमचे अपंगत्व येते.

म्हणून पुतण्याचे बोलणे, चालणे, अक्षर आणि स्मरण यांकडे लक्ष ठेवा; काही मागे पडल्यासारखे वाटले, तर फिजिओथेरपी लगेच सुरू करा. घरातल्या लहान बाळांना नवव्या महिन्यात आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायच्या लसीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा.