वाचकांचे प्रश्न : जपानमधून गेम आणि ॲनिमेच्या वस्तू आणताना

प्रश्न : पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आम्ही सहा दिवस टोकियोत राहणार आहोत. त्याच्या यादीत गेम आणि ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशनपटांच्या) दुकानांनी भरलेल्या अकिहाबाराखेरीज दुसरे नावच नाही. सगळी खरेदी तेथेच उरकावी का? पर्यटकांना कर माफ होतो, त्याचे काय करावे लागते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अकिहाबारा त्याला अवश्य दाखवावे, मात्र पहिल्याच दिवशी तेथे पाकीट रिकामे करू नये. स्टेशनाला लागूनच असलेल्या रेडिओ काइकान या इमारतीत काचेची कपाटे खणाखणाने भाड्याने दिलेली आढळतील. प्रत्येक खणाचा मालक वेगळा आणि भाव त्याने स्वतः ठरवलेला, त्यामुळे ॲनिमेतील एकाच पात्राची एकच कीचेन शेजारशेजारच्या दोन खणांत निरनिराळ्या किमतीला टांगलेली दिसते. मी स्वतः अशी एक कीचेन घाईघाईने घेतली आणि वळून पाहते तो गुडघ्याच्या उंचीवरच्या खणात तीच वस्तू कितीतरी स्वस्त होती. तेव्हापासून मी खालचे खण आधी वाकून पाहते.

प्रत्यक्ष खरेदीसाठी नाकानो ब्रॉडवे मला अधिक आवडते. शिंजुकूहून चुओ मार्गाच्या जलद गाडीने ते जेमतेम पाच मिनिटांवर आहे. १९६६ साली उभ्या राहिलेल्या या जुनाट इमारतीत १९८० साली मांदाराकेचे जुन्या मांगांचे (जपानी चित्रकथांचे) छोटेसे दुकान सुरू झाले आणि आज त्याच नावाची दुकाने मजल्यामजल्यांवर विषयवार पसरली आहेत. बरीच दुकाने दुपारी बारापर्यंत उघडत नाहीत, तेव्हा सकाळ अन्य स्थळांना द्यावी. मुलगा अल्पवयीन आहे, म्हणून आणखी एक सांगते : दोन्ही ठिकाणी प्रौढांसाठीचे विभाग असतात, परंतु त्यांच्या तोंडाशी पडदा किंवा ‘१८’ची खूण असते, त्यामुळे चुकून आत शिरण्याची भीती बाळगू नये.

जपानमध्ये उपभोग कर १० टक्के आहे. एकाच दुकानात एका दिवशी करपूर्व ५,००० येन किंवा त्याहून अधिक खरेदी झाली तर परदेशी पर्यटकाला तो माफ होतो. त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ हवा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधले छायाचित्र चालत नाही. आजवर हा कर दुकानातच वजा होत असे, परंतु १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते. त्या तारखेपासून दुकानात करासह पूर्ण रक्कम भरायची आणि देश सोडताना विमानतळावर सीमाशुल्क तपासणी झाली की कर परत मिळणार. तपासणीच्या वेळी वस्तू मागितली तर दाखवता यायला हवी, म्हणून बॅग विमान कंपनीकडे सोपवण्याआधी हे काम उरकावे. छोट्या दुकानांपैकी सर्वांकडे ही सोय नसते. दारावरची करमाफीची खूण पाहूनच आत जावे.

प्रश्न : लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता आणि त्याच्या पिवळ्या कॅसेटी गल्लीभर फिरत असत. आता कामानिमित्त टोकियोला जात आहे, तर फॅमिकॉम हा खरा जपानी व्हिडिओ गेम घ्यावा असे मनात आहे. तो घरी चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालेल, परंतु कोणता घेता यावर सारे अवलंबून आहे. आपल्या त्या गेमचा आणि फॅमिकॉमचा संबंध आपण समजता त्याहून जवळचा आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे निरनिराळ्या नावांनी विकली गेलेली अशी बरीच यंत्रे निन्टेंडो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमच्याच नकला होत्या. कॅसेटचे तोंडही त्याच ६० पिनांचे होते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या यंत्राची कॅसेट ७२ पिनांची होती. त्यामुळे आपले जुने यंत्र अजून माळ्यावर असेल आणि सुरू होत असेल, तर नाकानोत घेतलेली अस्सल जपानी कॅसेट त्यात बहुधा बसेल आणि चालेलही. केवळ आठवणीसाठी घ्यायचे असेल तर दोन-चार कॅसेटींवर भागवावे, हे माझे प्रामाणिक मत.

यंत्रच हवे असेल तर १९८३च्या लाल-पांढऱ्या फॅमिकॉमवर भाळू नये. त्याचे चित्र केवळ अँटेनाच्या तारेतून, जपानी वाहिन्यांच्या वारंवारतेवर बाहेर पडते आणि ती वारंवारता पकडणारा टीव्ही आपल्याकडे सहसा मिळत नाही. शिवाय त्याचे दोन्ही कंट्रोलर यंत्रालाच कायमचे जोडलेले असतात. १९९३ साली आलेले सुधारित फॅमिकॉम घ्यावे. त्याला पिवळ्या-पांढऱ्या पिनांची एव्ही केबल लागते आणि कंट्रोलर सुटे करता येतात. केबल सोबत आहे ना, हे दुकानातच पाहावे. घरच्या नव्या टीव्हीला ही भोके नसतील तर एव्हीचे एचडीएमआय करणारी डबी येथे सहज मिळते.

विजेच्या बाबतीत मात्र चूक महागात पडते. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. फॅमिकॉमचा जुना ॲडॉप्टर १०० व्होल्टसाठीच बनवलेला असतो आणि पिना बदलून देणारा प्लग व्होल्टेज कमी करीत नाही. तो लावून बटण दाबले की ॲडॉप्टर जळालाच म्हणून समजावे. २३० चे १०० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर येथे घेऊन ठेवावा.

जुन्या वस्तूंच्या चिठ्ठीवरचे चार शब्द शिकून जावेत. ‘हाको-नाशी’ म्हणजे खोका नाही. ‘मिकाइफू’ म्हणजे न उघडलेले. ‘हियाके’ म्हणजे उन्हाने रापलेले. करड्या प्लॅस्टिकवर पिवळी झाक आली की हा शब्द लिहिला जातो. आणि ‘जंकु’ म्हणजे चालेलच याची हमी नाही आणि परतही घेतले जाणार नाही. जंकुची टोपली उपसण्यात मजा असते खरी, पण त्या मजेपुरतेच पैसे तेथे घालवावेत. बाकी दुकानदार स्वतःहून दोष दाखवतात. मी एक कॅसेट मागितली तेव्हा विक्रेत्याने ती दोन्ही हातांनी ट्रेवर ठेवली, लेबलाच्या कोपऱ्यावरचा नखाएवढा ओरखडा बोटाने दाखवला आणि माझी मान हलेपर्यंत पैसे घेतले नाहीत.

ज्या कॅसेटींत खेळ जतन होतो, त्यांतील बऱ्याच जणींच्या पोटात बटणाच्या आकाराचा सेल असतो. गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या १९९६च्या पोकेमॉन कॅसेटी आता तिशीला आल्या. खेळ सुरू झाला तरी जतन होईलच असे नाही. सेल डाग देऊन बदलता येतो. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिराला ते अवघड नाही.

प्रश्न : भाचीसाठी निन्टेंडोच्या स्विच या यंत्राचा गेम आणायचा आहे. जपानी गेम तिच्या भारतातल्या यंत्रावर चालेल का? स्विच २ तेथे स्वस्त मिळतो, असे ऐकते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : स्विचच्या गेमवर प्रदेशाचे कुलूप नसते, तेव्हा तो चालेल, भाषा मात्र खोक्याच्या मागे तपासावी, कारण सर्व गेमांत इंग्रजी असतेच असे नाही. निन्टेंडोच्याच पूर्वीच्या ३डीएस या यंत्राला हे कुलूप होते, त्यामुळे घरात ते यंत्र असेल तर जपानी गेम घेऊ नये. स्विच २ जून २०२५ मध्ये बाजारात आला तेव्हा जपानमधील स्वस्त आवृत्तीची किंमत ४९,९८० येन होती, पण ती केवळ जपानी भाषेत चालते आणि तिला जपान हा देश निवडलेले खातेच जोडता येते. भाचीला जपानी येत नसेल, तर त्या स्वस्ताईचा उपयोग नाही.

प्रश्न : ॲनिमेच्या मूर्ती महाग वाटतात. स्वस्तात कशा मिळतील आणि न मोडता कशा आणाव्यात?
— एक वाचक, पणजी

उत्तर : नाणे टाकून चिमट्याने वस्तू उचलायच्या यंत्रांत बक्षीस म्हणून ठेवण्यासाठी बनवलेल्या मूर्ती जुन्या वस्तूंच्या दुकानांत पुष्कळदा न उघडलेल्या खोक्यासह मिळतात आणि मोठ्या, प्रमाणबद्ध मूर्तींपेक्षा खूपच स्वस्त पडतात. यंत्रात शंभर-शंभर येनची नाणी घालत बसण्यापेक्षा हे बरे. खोक्यातले पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे फेकू नयेत, मूर्ती त्यांतच ठेवावी आणि भोवती कपडे कोंबावेत. बिले जपून ठेवावीत. भारतात उतरताना सामानाच्या किमतीवरून सीमाशुल्काचा प्रश्न निघाला तर तीच कामी येतात.