देखभालीचे प्लगइन एजंटच्या हाती देण्याआधी

सर्व्हरच्या देखभालीचे प्लगइन (मुख्य प्रोग्रामला जोडायचे छोटे प्रोग्राम) एआय एजंटला, म्हणजे स्वतःहून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामला, चालवायला द्यायचे असतील, तर ते लोड कसे करायचे, यात पहिला आठवडा घालवू नका. आधी करार ठरवा, म्हणजे प्लगइनने काय करायचं आणि काय नाही. प्रत्येक प्लगइनला तीन फंक्शनं पुरतात: तपास, आराखडा, अंमल. तपास फक्त वाचतो. आराखडा काय बदलणार त्याची यादी देतो. अंमल तीच यादी राबवतो, नव्याने काही शोधत नाही. नाहीतर मंजुरी एका फाइलला मिळते आणि उडते भलतीच.

समजा, जुने लॉग (प्रोग्रामच्या नोंदींच्या फाइली) साफ करायचेत. लिनक्सवर एखादी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) फाइल उघडी धरून बसली असेल, तर ती पुसूनही जागा मोकळी होत नाही. डीयू (फाइलींनी व्यापलेली जागा मोजणारी कमांड) आकडा कमी दाखवतं, डीएफ (अख्ख्या डिस्कवरची वापरलेली आणि मोकळी जागा दाखवणारी) जैसे थे. एजंटला वाटतं काम झालंच नाही, आणि तो आणखी पुसत सुटतो! म्हणून मर्यादा घाला: एका फेरीत फार तर ५० फाइली, ७ दिवसांपेक्षा जुन्या, ठरलेल्या फोल्डरमधल्याच. ही मर्यादा तपासायची मुख्य प्रोग्रामने. प्रॉम्प्टमधली, म्हणजे एजंटला लिहून दिलेली, सूचना ही विनंती असते, कुलूप नव्हे. शिवाय लॉगमध्ये बाहेरच्या कुणीही लिहिलेला मजकूर येतो, एजंट त्यालाच आज्ञा समजू शकतो.

दोन फेऱ्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून फ्लॉक (एका वेळी एकाच प्रोसेसला मिळणारा फाइलवरचा लॉक) वापरा. प्रोसेस मेली की तो सुटतो. मात्र मागे राहिलेली चाइल्ड प्रोसेस (तिनेच सुरू केलेली दुसरी प्रोसेस) तो धरून ठेवू शकते, तेवढं पाहा. फेरी लांबली, तर १० मिनिटांनी सिगटर्म (थांबायची विनंती), आणखी ३० सेकंदांनी सिगकिल (सक्तीने बंद). सलग तीनदा फसलं, तर प्लगइन बंद करून माणसाला कळवा. पुन्हा सुरू करायचा अधिकार एजंटला नको.