कृषी सल्ला : समुद्रकाठच्या सड्यावर गावठी गाय सांभाळताना

दक्षिण कोकणच्या किनारपट्टीवरून या खेपेस आलेले बहुतेक प्रश्न एकाच प्रकारचे आहेत. घर वाडीपासून दूर, मागे कातळसडा (जांभ्या खडकाचे उघडे पठार), पुढे खाडी किंवा समुद्र, थोडी भातशेती, थोडी आंबा-काजूची बाग आणि दावणीला पाच ते सात गाई. या गाई दूध फार देत नाहीत, दोन-अडीच वर्षांनी एकदा वितात, पावसाळ्यात वासरे दगावतात. मग ‘दुसरी जात आणू का?’ हा प्रश्न येतोच.

*स्कॉटलंडमधल्या लांब केसांच्या हायलँड गाईंचे व्हिडिओ पाहिले. त्याही समुद्रकाठी, खडकाळ माळावर राहतात. आपल्याकडे जमतील का?*

नाही. ती जात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि हेब्रिडीज बेटांवर घडली. थंड वारा आणि सततचा भिजपाऊस सोसण्यासाठी तिच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा लांब आणि तेलकट, आतला मऊ लोकरीसारखा. आपल्या दमट उकाड्यात हेच केस तिच्या जिवावर उठतील. इथल्या गोचीडतापाला तोंड देण्याची ताकदही युरोपीय जातींत नसते. शिवाय परदेशातून जिवंत जनावर आणायला केंद्राची परवानगी आणि विलगीकरण लागते. मात्र तुमचे निरीक्षण बरोबर आहे: निकृष्ट चाऱ्यावर, लहान अंगाने, आपल्या किनाऱ्याला सरावलेली गाय हवी. आपल्याकडे ती आहे. ‘कोकण कपिला’ या नावाने कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०१८ मध्ये तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. तुमच्या गोठ्यातली ‘गावठी’ गाय बहुधा हीच.

*ही गाय काटक आहे, तर मग ती वेळेवर माजावर का येत नाही?*

काटक म्हणजे कमी चाऱ्यावर जगणारी. पण नुसते जगणे वेगळे आणि वर्ष-सव्वा वर्षात पुन्हा गाभण राहणे वेगळे. कोकणातल्या बहुतेक अडचणी या फरकातून येतात, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

जांभ्याच्या मातीत लोह भरपूर असते आणि माती आम्ल असते. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतो, त्यामुळे सड्यावरच्या गवतात तो कमीच उतरतो. चाऱ्यातून आणि मातीतून पोटात गेलेले जादा लोह तांब्याच्या शोषणात अडथळा आणते. स्फुरद कमी पडला की गाय माजावर येत नाही, कालवड उशिरा वयात येते, जनावर आखडून चालते आणि हाडे, चामडे, प्लॅस्टिक चघळायला लागते. तांब्याची कमतरता कातडीवर दिसते. काळ्या गाईचे केस तांबूस, निस्तेज होतात. डोळ्यांभोवतीचे केस आधी फिके पडतात, जणू चष्मा घातला आहे. आज संध्याकाळी गुरे परतल्यावर उजेडात नेऊन प्रत्येकीच्या डोळ्यांभोवती नीट पाहा.

हाडे चघळणारी गाय दिसली तर ती सवय म्हणून सोडून देऊ नका. मेलेल्या जनावराच्या हाडांतून बोट्युलिझमचे विष पोटात जाते. जीभ लुळी पडते, गाय बसते ती उठत नाही. त्यावर हमखास उपाय नाही. सड्यावर मेलेले जनावर टाकून देण्याची पद्धत बंद करा. खोल खड्डा, चुना आणि वर दगड, हाच मार्ग.

उपाय स्वस्त आहे. दोनशे-सव्वादोनशे किलोच्या गाईला रोज ३० ग्रॅम खनिज मिश्रण बारा महिने द्या. नुसते गव्हाणीत टाकले तर ते खाली बसते. मूठभर ओल्या कोंड्यात कालवून द्या. आठ दिवस देऊन ‘फरक नाही’ म्हणून थांबू नका. माजावर फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात.

*विहिरीचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. गुरांना चालते का?*

पाण्यातले क्षार मोजण्याचे पेनाएवढे टीडीएस मीटर बाजारात मिळते. दोन-तीन शेतकऱ्यांत मिळून एक घ्या. लिटरला ३,००० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी गुरांना चालते. ३,००० ते ५,००० मध्ये सुरुवातीला हगवण लागू शकते, मोठी जनावरे पुढे सरावतात. त्यावर गेले की गाभण आणि दुभत्या गाईला ते देऊ नका. ७,००० च्या वरचे पाणी कोणालाच नको. मधल्या पट्ट्यात गोडे पाणी मिसळून आकडा खाली आणा आणि पुन्हा मोजा. उन्हाळ्यात या आकाराच्या गाईला दिवसाला २५ ते ३० लिटर पाणी धरा.

इथे एक चूक नेहमी होते. पाणी खारे असताना खनिज मिश्रणही मीठ घातलेले दिले जाते. भारतीय मानकाप्रमाणे मिश्रण दोन प्रकारचे असते: टाइप १ मिठासह, टाइप २ मिठाशिवाय. मचूळ विहीर असेल तर पिशवीवर टाइप २ पाहूनच घ्या. पाणी गोडे असेल, तर समुद्र जवळ आहे एवढ्यावर विसंबून मीठ बंद करू नका.

*चैत्रापासून मृगापर्यंत चारा पुरत नाही.*

आधी हिशेब करा. सहा गाई, दिवसाला प्रत्येकी तीन किलो पेंढा, डिसेंबर ते मध्य जून असे सुमारे १९० दिवस. म्हणजे जवळपास साडेतीन टन. एकरी टनभर पेंढा धरला तर साडेतीन एकर भाताचा. तेवढा नसेल तर कार्तिकातच विकत घ्या. वैशाखात भावही चढतो आणि होडीने किंवा टेम्पोने आणायचे भाडे वेगळे.

पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. युरिया प्रक्रियेने ती वाढतात आणि पेंढा मऊ पडून गाय जास्त खाते. १०० किलो कोरड्या पेंढ्याला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी. हे प्रमाण तराजूवर मोजायचे, अंदाजाने नाही. युरिया पूर्ण विरघळू द्या. खाली प्लॅस्टिक अंथरून १० किलो पेंढ्याचा थर पसरा, त्यावर झारीने ५ लिटर द्रावण सारखे शिंपडा, पायांनी दाबा, मग पुढचा थर. दहा थर झाले की वरून प्लॅस्टिक ओढून कडांवर चिरे ठेवा. २१ दिवस उघडायचे नाही. उघडल्यावर पेंढा तपकिरी-पिवळा दिसला आणि अमोनियाचा वास नाकात झोंबला तर काम जमले. बुरशी दिसली तर हवा आत गेली होती. तो भाग खतात टाका, गाईला नको. द्यायच्या आधी तासभर वाऱ्यावर पसरा. पहिला आठवडा अर्धा साधा, अर्धा प्रक्रियेचा.

सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा अजिबात देऊ नका, त्यांच्या पोटाची तयारी झालेली नसते. युरियाच्या द्रावणाची बादली क्षणभरही उघडी ठेवू नका. तहानलेली गाय ते प्यायली तर पोट फुगते, थरथर सुटते, तोंडाला फेस येतो आणि डॉक्टर पोहोचायच्या आत जनावर जाते.

हिरव्यासाठी नारळाच्या बागेत, जिथे पाणी आहे तिथे, पाच गुंठे संकरित नेपियर लावा. दोन डोळ्यांची कांडी, तीन फुटांची सरी, दोन फुटांवर एक. पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांनी, पुढच्या दीड महिन्याने. पाणी आणि शेणखत मिळाले तर पाच गुंठ्यांतून सहा गाईंना रोज प्रत्येकी तीन-चार किलो हिरवा चारा निघतो. खारवट, पाणथळ तुकड्यात नेपियर मरतो. तिथे पॅरा गवत लावा. खाडीतल्या तिवरांचा पाला तोडू नका, ती तोड कायद्याने बंद आहे.

सड्यावरचे गवत आपण फार उशिरा कापतो. कुसळी गवताची कुसळे तयार झाली की ती तोंडात, डोळ्यांत, हिरड्यांत रुततात. पाऊस उघडताच, कुसळे कडक होण्याआधी कापून सुकवा. उडवी रचाल तिच्याभोवती आणि राखीव गवताच्या कडेने डिसेंबरमध्येच तीन मीटर पट्टा साफ करा. वर्षाचा चारा वणव्यात एका दुपारी जातो.

फणस-काजूच्या दिवसांत साली आणि बोंडे देता येतात, पण एका वेळी दोन किलोच्या वर नको. पोटात आम्लता वाढून गाय रवंथ सोडते आणि आडवी पडते. आंब्यावर फवारणी झालेल्या बागेतले गवत किमान पंधरा दिवस कापू नका आणि तिथे गुरेही सोडू नका.

*पावसाळ्यात वासरे का जगत नाहीत?*

कारण ती चुकीच्या महिन्यात जन्मतात. वळू वर्षभर कळपात मोकळा असतो. वासरू आषाढात ओल्या जमिनीवर पडते, न्यूमोनिया, हगवण आणि जंत एकदमच येतात. गाईचे गाभणपण सुमारे २८० ते २८५ दिवसांचे. पौष-माघात गाय लावली तर ती आश्विन-कार्तिकात विते. पाऊस ओसरलेला, गवत अजून हिरवे, गोठा कोरडा. म्हणून वळू इतर महिने वेगळा बांधा. दोन-अडीच वर्षांनी, त्याच्या स्वतःच्या कालवडी माजावर येण्याआधी, तो दुसऱ्या गावच्या वळूशी बदला. गावठी गाय खुजी होत चालली अशी तक्रार येते तिथे जवळच्या नात्यातली पैदास हे मोठे कारण असते.

चीक वासराचा आहे. जन्मल्यावर दोन तासांच्या आत पहिला, आणि दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. पंधरा किलोच्या वासराला दीड लिटर. या गाईचा चीक मुळात थोडा, त्यात घरात खरवस झाला तर वासराला उरत नाही. खरवस करायचाच तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वासराचे पोट भरल्यावर उरेल त्याचा करा.

*गोठ्याचे पत्रे तीन वर्षांत गंजले.*

खाऱ्या वाऱ्यात लोखंडी पत्रा आणि साखळी दोन्ही टिकत नाहीत. गंजकी साखळी गाईची मान कापते. वर कौले, खाली लाकडी वासे, बांधायला काथ्याचे दावे. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजू चिऱ्याच्या भिंतीने किंवा झावळांच्या झापांनी बंद करा, पूर्व मोकळी ठेवा. प्रत्येक गाईला छताखाली साडेतीन चौरस मीटर जागा. फरशीला चाळीस फुटांत एक फूट उतार द्या, मूत साचले की खुरे कुजतात. सुपारीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद (कॉपर सल्फेट) घरात असतेच. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो विरघळवून त्यात खुरे बुडवा. गाय ते चाटणार नाही असे पाहा आणि उरलेले तळ्यात ओतू नका.

*वाडीपासून दूर आहोत, डॉक्टर लवकर येत नाहीत.*

म्हणून लसीकरण आधी. घटसर्प आणि फऱ्याची लस मे महिन्यात, लाळ्या-खुरकुताची दर सहा महिन्यांनी, लंपीची वर्षातून एकदा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची (गाभ टाकायला लावणाऱ्या रोगाची) एकदाच. जंताचे औषध पावसाआधी आणि पावसानंतर. भातखाचरात चरणाऱ्या गुरांना गोगलगायींमार्फत यकृतातले चपटे कृमी होतात, ते डॉक्टरांना सांगून औषध निवडा. गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका.

लघवी कॉफीच्या रंगाची झाली, ताप आहे आणि गाय खात नाही, तर तो गोचिडांमुळे होणारा बबेसिया असू शकतो. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तिला सावलीत बांधा, चालवू नका, पाणी समोर ठेवा. १९६२ वर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला लघवीचा रंग, ताप कधीपासून आणि गाय किती महिन्यांची गाभण आहे हे तिन्ही आधी सांगा, म्हणजे योग्य इंजेक्शन घेऊनच गाडी निघेल.