मुंबईत कुठे, कधी आणि काय खाऊन: वाचकांचे प्रश्न

आई-वडील पंच्याहत्तरीच्या आसपासचे आहेत, वडिलांचे गुडघे दुखतात. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने येऊन संध्याकाळच्या पंचवटीने परतायचं आहे. गेटवे, घारापुरी, म्युझियम, राणीची बाग आणि मरीन ड्राइव्ह एका दिवसात होईल का? (नाशिक रोड)

नाही होणार. आणि ओढूनताणून केलंत, तर आई-वडिलांना मुंबईपेक्षा टॅक्सीच जास्त बघावी लागेल.

घारापुरी आधी यादीतून काढा. लाँचला एका बाजूने तासभर लागतो. बेटावर धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पण पुढे लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या घरात पायऱ्या आहेत. डोलीवाले मिळतात. मात्र खरी अडचण पायऱ्यांची नाहीच, ती गेटवेच्या धक्क्यावर येते. लाँच एकमेकींना लागून उभ्या असतात आणि कधी कधी एका हलत्या लाँचवरून दुसरीवर पाय टाकावा लागतो. दुखऱ्या गुडघ्याला हे झेपत नाही. घारापुरीसाठी वेगळा दिवस ठेवा. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात लाँचचा भरवसा नसतो, एवढं लक्षात असू द्या. राणीची बाग भायखळ्याला आहे, बुधवारी बंद असते आणि आत चालणं भरपूर आहे, त्यामुळे तीही या वेळी नको.

आता काय करायचं ते. सीएसएमटीला उतरल्यावर लगेच टॅक्सी शोधू नका. रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला या, स्टेशनचा घुमट आणि दर्शनी भाग तिथूनच नीट दिसतो. तुमच्या समोरचं स्टेशन आणि पाठीमागची महापालिका, दोन्ही फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या एकाच वास्तुविशारदाचं काम आहे. स्टेशन १८८८चं, महापालिका १८९३ची. दुपारनंतर जे बघाल, ते जॉर्ज विटेटचं: छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि १९२४मध्ये पुरं झालेलं गेटवे. एवढ्या दोन माणसांची कामं नीट पाहिलीत तरी दिवस सत्कारणी लागला.

जेवण साडेबाराच्या आत उरका. एक वाजता फोर्टातली सगळी ऑफिसं एकदम खाली उतरतात आणि कुठेही अर्धा तास उभं राहावं लागतं. साधी पुरी-भाजी चालत असेल तर स्टेशनजवळचं पंचम पुरीवाला बरं. काळबादेवीचं ठक्कर भोजनालय गुजराती थाळीसाठी उत्तम, पण ते पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना चढावा लागतो. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३पासूनचं, बेरी पुलावसाठी प्रसिद्ध. ते फक्त दुपारी चालतं आणि रविवारी बंद असतं.

जेवणानंतरचं ऊन म्युझियममध्ये काढा. सगळी दालनं बघण्याचा हट्ट नको. तळमजल्यावरची शिल्पं, निमरुदच्या राजवाड्यातले असीरियन शिलापट आणि वर लघुचित्रं, एवढ्यात दोन तास सहज जातात. चाकाच्या खुर्चीची दारातच चौकशी करा. तिथून गेटवे चालत दहा मिनिटांवर आहे. मरीन ड्राइव्ह परतीच्या टॅक्सीतूनच पाहा, भर दुपारी तिथे सावलीचा पत्ता नसतो. पाचच्या सुमारास निघा, कारण त्यानंतर संध्याकाळची गर्दी सीएसएमटीकडेच वळते.

दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, त्या वांद्रे आणि शीवपर्यंतच. काळी-पिवळी टॅक्सी मीटरने घ्या. फेब्रुवारी २०२५पासून किमान भाडं ३१ रुपये आहे. स्टेशनच्या दारातले टॅक्सीवाले जवळच्या भाड्याला नाही म्हणतात, थोडं पुढे चालत जाऊन रस्त्यावरची टॅक्सी थांबवली की काम होतं.

लालबागच्या गणपतींना दोन लहान मुलांसह जायचं आहे. कुठल्या दिवशी, कसं? (कराड)

पहिल्या दोन-तीन दिवसांत, आठवड्याच्या मधल्या वारी, पहाटे. पाचव्या दिवसानंतर गर्दी चढतच जाते आणि शनिवार-रविवार तर मुलांना घेऊन नकोच.

मध्य रेल्वेची धीमी लोकल घ्या. जलद गाड्या चिंचपोकळी आणि करी रोडला थांबत नाहीत. बाहेरगावची बरीच मंडळी जलद गाडीत बसून थेट भायखळ्याला उतरतात आणि मुलांना कडेवर घेऊन मागे चालत येतात. चिंचपोकळीला उतरून आधी चिंतामणी (१९२०), मग गणेश गल्ली (१९२८), शेवटी लालबागचा राजा (१९३४), आणि परतताना करी रोड. या क्रमाने गेलं की उलटं चालावं लागत नाही.

राजाच्या दोन रांगा असतात. नवसाची रांग चरणांपर्यंत नेते. शेवटच्या दिवसांत ती रात्र-रात्र संपत नाही. मुलं बरोबर असतील तर मुखदर्शनाचीच रांग धरा. आत शिरलं की बाहेर पडणं अवघड, म्हणून स्वच्छतागृह आणि खाणं आधीच उरकून घ्या. भारतमाता नाक्याजवळच्या लाडू सम्राटला कोथिंबीर वडी आणि मिसळ मिळते. मुलांना वडी द्या, मिसळ तिखट असते. प्रत्येक मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा, आणि ती जागा म्हणजे मंडप नव्हे, स्टेशनचा तिकीटघराकडचा जिना. गर्दीत फोन लागेलच असं नाही.

एक चूक दर वर्षी बऱ्याच जणांची होते: किंग्ज सर्कलचा जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) सेवा मंडळाचा गणपती पाच दिवसांचाच असतो. सातव्या दिवशी गेलात तर रिकामा मंडप बघाल. वडाळ्याच्या राम मंदिरातला जीएसबी गणपती मात्र अनंत चतुर्दशीपर्यंत असतो.

आणि मनापासून सांगायचं तर, मुलांसाठी गिरगावातली केशवजी नाईक चाळ जास्त चांगली. मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव तिथे १८९३मध्ये सुरू झाला. मूर्ती लहान, चाळीच्या अंगणात शांतपणे हात जोडता येतात, रेटारेटी नाही. चर्नी रोडला उतरून चालत जा. मुलांच्या डोळ्यांसमोर गणपती दोन क्षणांहून जास्त राहिला पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

जुलैत मुंबईत आहोत. दादरला चांगली मालवणी थाळी कुठे खावी? (सोलापूर)

दादरमध्ये चैतन्य आणि सिंधुदुर्ग ही दोन नावं नेहमीची. पण महिना जरा अडचणीचा आहे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ. तेव्हा ताटात आलेली सुरमई किंवा पापलेट बहुधा बर्फातलं असतं, आणि मागणी तीच असल्याने भाव मात्र चढलेला.

बर्फातली सुरमई तळली की कोरडी पडते, तंतू सुटे होतात. बोंबील तर गोठवलेला घेऊच नये. त्याच्या अंगात पाणीच फार. ताजा बोंबील सुद्धा वजनाखाली दाबून पाणी काढल्याशिवाय कुरकुरीत होत नाही. गोठवून सोडवलेला असेल तर तव्यावर पाणी सुटतं आणि रव्याचा थर गळून पडतो. या दिवसांत तिसऱ्या (शिंपल्या), तळ्यात वाढवलेली किंवा खाडीतली कोलंबी, आणि सुकं मागवा: सुक्या बोंबलाची चटणी, सोड्याचा (सुकवलेल्या कोलंबीचा) रस्सा. पावसात गरम भाताबरोबर सोडे लागतात तसं दुसरं काही नाही. मागवण्याआधी ‘आज ताजं काय?’ हे विचारा, आणि ज्याच्यापुढे किंमत छापलेली नाही त्याचा भावही. मोठ्या पापलेटाचं बिल आल्यावर धक्का बसायला नको.

श्रावणात खुद्द मराठी गिऱ्हाईकच कमी होतं. नारळी पौर्णिमेनंतर ताजा मासा बाजारात रुळतो; गणपती झाल्यावर आलात तर याच थाळीचं सोनं होतं.

फ्लेमिंगो बघायला दोनदा गेलो, लांबवर गुलाबी ठिपके दिसले. काय चुकतं? (डोंबिवली)

वेळ चुकते. ऋतू बरोबर असतो (साधारण नोव्हेंबर ते मे), पण फ्लेमिंगो आपल्या घड्याळावर चालत नाहीत, भरतीवर चालतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि ते खाण्यासाठी लांब पसरतात. पाणी चढू लागलं की चिखल आकसतो आणि थवे काठाकडे ढकलले जातात. शिवडीच्या धक्क्यावरून बघायचं तर पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी पोहोचा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट जाते, ती भरतीच्या वेळेनुसारच सुटते, म्हणून तिथे आगाऊ आरक्षण करा आणि वेळ विचारून घ्या.

भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत अशी: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीनच्या सुमारास. शुक्ल आणि वद्य, दोन्ही पक्षांना हेच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा, नेमकी वेळ कॅलेंडरमध्ये किंवा भरतीच्या तक्त्यात मिळते. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. शिवाय सकाळचं ऊन शिवडीला समोरून येतं आणि पक्षी काळेच दिसतात. दुपारनंतरची भरती निवडली तर रंग दिसतो.

हाच हिशेब पावसाळ्यात मरीन ड्राइव्हवर कामी येतो. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईची मोठी भरती बाराच्या आसपास येते, तेव्हाच लाटा कठड्यावरून उसळतात. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी फुटपाथच्या आतल्या बाजूलाच उभं राहा. टेट्रापॉडवर (कठड्याबाहेरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर) उतरू नका. शेवाळ असतं आणि दोन दगडांमधून माणूस वर काढणं फार कठीण जातं.

काळा घोडा महोत्सवात मुलीला घेऊन जायचं आहे, पण गर्दीची धास्ती वाटते. (पुणे)

महोत्सव नऊ दिवसांचा, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला, प्रवेश मोफत. शनिवार-रविवार आणि रोजची संध्याकाळ सोडून मंगळवार किंवा बुधवारी दुपारी बारापर्यंत पोहोचा. मांडणशिल्पं दिवसाउजेडी नीट दिसतात. लहान मुलांच्या कार्यशाळांच्या जागा लवकर भरतात, वेळापत्रक लागताच नाव नोंदवा. येण्यासाठी भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानक सगळ्यात जवळ, ऑक्टोबर २०२५पासून ती कफ परेडपर्यंत धावते. रविवारीच यायचं असेल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या रात्री बघा.

परतताना मुलीला धोबी तलावाजवळच्या कयानीत न्या, १९०४चं इराणी हॉटेल आहे. तिच्यासाठी बन मस्का आणि मावा केक, तुमच्यासाठी ब्रून मस्का. ब्रूनचं कवच टणक असतं, चहात बुडवूनच खा.